हर्शेलची काल्पनिक चंद्रदुर्बीण

हर्शेलची काल्पनिक चंद्रदुर्बीण हे इ.स. १८३५ मध्ये न्यूयॉर्क येथील ‘द सन’ या दैनिकाने वर्णिलेले एक कल्पित प्रकाशीय उपकरण आहे. २५ ते ३१ ऑगस्ट १८३५ या काळात सहा हप्त्यांत प्रसिद्ध झालेल्या लेखमालेनुसार, ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ केप ऑफ गुड होप येथे ही प्रचंड दुर्बीण उभारली होती. तिच्यातून त्यांना चंद्रावरील वनस्पती, प्राणी आणि पंख असलेली माणसे दिसली, असे या मालेत म्हटले होते. अशी दुर्बीण कधीही अस्तित्वात नव्हती. हे प्रकरण इतिहासात ‘चंद्राची महाफसवणूक’ या अर्थाच्या नावाने ओळखले जाते.

या प्रकरणाची चर्चा बहुधा चंद्रावरच्या पंखधारी माणसांपुरती होते. वास्तविक वाचकांनी प्रथम विश्वास ठेवला तो त्या माणसांवर नव्हे, तर दुर्बिणीवर. पहिला हप्ता जवळजवळ संपूर्णपणे उपकरणाच्या रचनेला वाहिलेला होता आणि त्यात चंद्रावरच्या एकाही प्राण्याचे दर्शन घडत नव्हते. भिंगाचे वजन, काचेचे मिश्रण, ओतकामाच्या तारखा आणि खर्चाचे आकडे वाचून ज्याची खात्री पटली, त्याला पुढच्या दिवशीचे एकशिंगी जनावर नाकारणे अवघड गेले.

पार्श्वभूमी

‘द सन’ हे दैनिक बेंजामिन डे यांनी ३ सप्टेंबर १८३३ रोजी सुरू केले. त्या वेळी न्यूयॉर्कमधील प्रस्थापित वृत्तपत्रे सहा सेंटला विकली जात. ‘द सन’ची किंमत एक सेंट होती आणि ते रस्त्यावर मुलांकरवी विकले जाई. त्यामुळे पूर्वी कधी वृत्तपत्र विकत न घेतलेला मोठा वर्ग त्याचा वाचक बनला.

काळही अनुकूल होता. हॅलेचा धूमकेतू १८३५ मध्येच परतणार होता आणि ऑगस्टमध्ये युरोपातील वेधशाळांना तो दिसूही लागला होता. सामान्य माणसाचे लक्ष आकाशाकडे लागलेले होते. जॉन हर्शेल हे नाव तर सर्वपरिचित होते. त्यांचे वडील विल्यम हर्शेल यांनी १७८१ मध्ये युरेनस ग्रहाचा शोध लावला होता आणि १७८९ मध्ये सुमारे १.२ मीटर व्यासाच्या आरशाची, चाळीस फूट लांबीची दुर्बीण पूर्ण केली होती. विल्यम हर्शेल यांचा चंद्रावर वस्ती असण्यावर विश्वास होता. इतकेच नव्हे, तर सूर्याच्या तेजस्वी आवरणाखाली थंड आणि राहण्याजोगा पृष्ठभाग असावा, असे मत त्यांनी १७९५ मध्ये गांभीर्याने मांडले होते. आज ते मत हास्यास्पद वाटते. पण ज्या पिढीतील अग्रगण्य वेधकर्ता सूर्यावरही वस्तीची शक्यता मांडत होता, त्या पिढीच्या मुलांनी चंद्रावरची वस्ती खरी मानली, यात नवल नाही.

जॉन हर्शेल त्या वेळी खरोखरच केपमध्ये होते. नोव्हेंबर १८३३ मध्ये ते सहकुटुंब इंग्लंडहून निघाले आणि जानेवारी १८३४ मध्ये केप टाउनला पोहोचले. केपहून न्यूयॉर्कला पत्र पोहोचायला अनेक आठवडे लागत. म्हणजे बातमीतील मुख्य व्यक्ती खरी होती, स्थळ खरे होते आणि त्या व्यक्तीकडून ताबडतोब खुलासा येण्याची शक्यता नव्हती.

उपकरणाचे वर्णन

लेखमाला ‘एडिंबरो जर्नल ऑफ सायन्स’ या नियतकालिकाच्या पुरवणीतून घेतल्याचे सांगण्यात आले होते. हे नियतकालिक एके काळी खरोखर निघत असे. मात्र काही वर्षांपूर्वीच ते बंद पडले होते. लेखक म्हणून हर्शेल यांचे सहकारी डॉ. अँड्र्यू ग्रँट यांचे नाव होते. या नावाची व्यक्ती अस्तित्वात नव्हती.

वर्णनानुसार दुर्बिणीचे वस्तुभिंग, म्हणजे आकाशाकडे रोखलेले मुख्य भिंग, २४ फूट (सुमारे ७.३ मीटर) व्यासाचे होते. त्याचे वजन १४,८२६ पौंड, म्हणजे साधारण पावणेसात टन, आणि विवर्धनक्षमता ४२,००० पट होती. काच दोन भाग क्राउन आणि एक भाग फ्लिंट अशा मिश्रणाची होती. स्कॉटलंडमधील डंबार्टन येथील कारखान्यात जानेवारी १८३३ मध्ये पहिले भिंग ओतले गेले. त्यात दोष राहिला, म्हणून त्याच महिन्यात दुसरे ओतावे लागले. पहिला प्रयत्न फसल्याचा हा तपशील कथेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. रचलेल्या गोष्टीत सहसा सगळे पहिल्याच खेपेला जमते. इथे अपयशाची नोंद असल्यामुळे वर्णन कारखान्याच्या वहीतून उतरवल्यासारखे वाटते. खर्चाचा भार राजा चौथा विल्यम यांनी उचलल्याचे सांगून त्याला राजाश्रयाचीही जोड दिलेली होती. केपमध्ये उतरल्यावर भिंग वेधशाळेच्या जागेपर्यंत ओढून नेण्यासाठी अठरा-अठरा बैलांची दोन पथके आलटून पालटून जुंपल्याचाही उल्लेख आहे.

केवळ मोठ्या भिंगाने काम भागणार नाही, हे लेखकाला ठाऊक होते. विवर्धन वाढत जाते तशी प्रतिमा अंधुक होत जाते, ही अडचण त्याने स्वतःच उपस्थित केली आणि तिच्यावर उपायही सांगितला. हा उपाय म्हणजे या उपकरणाचा खरा जादूचा भाग होय. हर्शेल आणि प्रकाशशास्त्रज्ञ सर डेव्हिड ब्रूस्टर यांच्यात दुर्बिणीच्या मर्यादांविषयी संभाषण चालले असता, दृश्याच्या नाभीस्थानी कृत्रिम प्रकाश मिसळला तर काय होईल, असा प्रश्न हर्शेल विचारतात, असा प्रसंग लेखात रंगवला आहे. त्यानुसार दुर्बिणीने बनवलेल्या अंधुक प्रतिमेवर हायड्रोजन-ऑक्सिजन ज्योतीचा प्रखर प्रकाश सोडला जातो आणि उजळलेली प्रतिमा सूक्ष्मदर्शकाने आणखी मोठी करून वेधशाळेच्या भिंतीवरील पांढऱ्या पडद्यावर टाकली जाते. अशा प्रकारे चंद्रावरील कीटकांचाही अभ्यास करता येईल, अशी आशा हर्शेल यांच्या तोंडी घातली आहे.

ही युक्ती हवेतून काढलेली नव्हती. चुन्याच्या खड्यावर हायड्रोजन-ऑक्सिजनची ज्योत रोखून प्रखर प्रकाश मिळवण्याची पद्धत तेव्हा नवीन आणि बहुचर्चित होती. थॉमस ड्रमंड या इंजिनियर अधिकाऱ्याने तिचा भूमापनासाठी उपयोग केला होता आणि लंडनमध्ये अशा प्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचे खेळ पैसे घेऊन दाखवले जात. लेखकाने ड्रमंड यांनाही हर्शेल यांच्या सोबत्यांत समाविष्ट केले आहे.

दुर्बिणीतून ‘दिसलेला’ चंद्र

१० जानेवारी १८३५ च्या रात्री दुर्बीण प्रथम चंद्राकडे वळवली गेली, असे मालेत म्हटले आहे. पडद्यावर सर्वप्रथम काळा बेसाल्ट खडक आणि त्यावर पसरलेली अफूसारखी तांबडी फुले दिसली. पुढे गव्यासारख्या जनावरांचे कळप आले. प्रखर उजेड आणि गडद अंधार यांपासून डोळ्यांचे रक्षण व्हावे म्हणून त्यांच्या कपाळावर मांसल झापड होती. त्यानंतर निळसर शिशाच्या रंगाचा, बकऱ्याएवढा एकशिंगी प्राणी आला. दोन पायांवर चालणारे आणि पिल्लांना हातांत घेऊन फिरणारे बीव्हर झोपड्यांत राहत होते. झोपड्यांतून धूर निघत असल्यामुळे त्यांना अग्नी माहीत असावा, असा तर्कही जोडलेला होता.

चौथ्या हप्त्यात वटवाघळासारखे पंख असलेली, सरासरी चार फूट उंचीची माणसे अवतरली. त्यांना वटवाघूळ-मानव अशा अर्थाचे लॅटिन शास्त्रीय नाव देण्यात आले. त्यांचे काही व्यवहार छापण्याजोगे नाहीत, म्हणून ते गाळले, अशी पुस्तीही होती. पाचव्या हप्त्यात नीलमण्यासारख्या दगडाचे आणि पिवळ्या धातूच्या छपराचे एक निर्जन मंदिर आहे. ते कोणी व का बांधले, याचे उत्तर लेखक देत नाही.

सूर्याकडून नाश

शेवटच्या हप्त्यात दुर्बिणीवर अपघात ओढवतो. वेधकर्ते एके दिवशी दुर्बिणीचे तोंड पूर्वेकडे ठेवून निघून जातात. सकाळी सूर्यकिरण भिंगातून आत शिरून एकवटतात, प्रतिमागृहाला १५ फूट परिघाचे भोक पडते आणि भिंतीचा गिलावा वितळून त्याची निळी काच होते. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत चंद्र दिसेनासा झालेला असतो. म्हणून हर्शेल शनीकडे वळतात.

गंमत अशी, की संपूर्ण मालेत भौतिकीच्या दृष्टीने सर्वांत विश्वसनीय प्रसंग हाच आहे. ७.३ मीटर व्यासाच्या भिंगाचे क्षेत्रफळ सुमारे ४२ चौरस मीटर भरते. निरभ्र आकाशात पृथ्वीच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण १,००० वॉट एवढी सौर ऊर्जा पडते. म्हणजे अशा भिंगामागे जवळजवळ ४० किलोवॉट उष्णता एका लहान जागेत एकवटली असती. हातात मावणाऱ्या भिंगाने कागद पेटतो, हे तर शाळकरी मुलांनाही माहीत असते. याच कारणामुळे योग्य सौरगाळणी लावल्याशिवाय कोणत्याही दुर्बिणीतून सूर्याकडे पाहणे धोक्याचे आहे. क्षणभरातही डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

चंद्राचे रहस्य उलगडणाऱ्या यंत्राला सूर्याने जाळावे आणि ही वार्ता ‘सूर्य’ नावाच्या पत्राने द्यावी, यात लेखकाचा मिस्किलपणा दिसतो.

प्रकाशशास्त्रीय परीक्षण

दुर्बीण अशक्य ठरण्याची कारणे एकापेक्षा अधिक आहेत. पहिले कारण भिंगाच्या आकाराचे. भिंगाला आधार केवळ कडेने देता येतो, कारण मधून प्रकाश जायचा असतो. त्यामुळे मोठे भिंग स्वतःच्या भाराने वाकते आणि प्रतिमा बिघडते. जाड काच प्रकाश शोषतेही. १८२४ मध्ये फ्राउनहोफर यांनी डॉर्पाट वेधशाळेसाठी बनवलेली भिंगाची दुर्बीण त्या काळी नावाजलेली होती आणि तिचे वस्तुभिंग जेमतेम २४ सेंटिमीटरचे होते. खगोलीय वेधांसाठी नियमितपणे वापरलेली सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण अमेरिकेतील यर्किस वेधशाळेत १८९७ मध्ये सुरू झाली. तिच्या भिंगाचा व्यास १.०२ मीटर आहे. त्यानंतरच्या सर्व महाकाय दुर्बिणी आरशाच्या आहेत, कारण आरशाला मागून सर्वत्र आधार देता येतो. शिवाय क्राउन आणि फ्लिंट काच एकत्र वितळवून वर्णविपथन (प्रतिमेच्या कडेला रंग दिसण्याचा दोष) नाहीसे होत नाही. त्यासाठी या दोन काचांची दोन वेगवेगळी भिंगे एकापाठोपाठ बसवावी लागतात.

दुसरे कारण प्रकाशाच्या तरंगस्वरूपाचे. कोणतीही दुर्बीण किती बारीक तपशील वेगळा दाखवू शकेल, याला तिच्या व्यासाने ठरणारी सीमा असते. ७.३ मीटर व्यासाच्या निर्दोष दुर्बिणीलाही चंद्रावरील साधारण ३५ मीटरहून लहान तपशील स्पष्ट होणार नाही. हा हिशेबही वातावरण पूर्ण स्थिर आहे असे गृहीत धरून केलेला आहे. प्रत्यक्षात हवेच्या हालचालींमुळे ही मर्यादा सामान्यतः एक-दोन किलोमीटरवर जाते. चार फूट उंचीचा प्राणी एका ठिपक्याएवढा ओळखायचा, तरी दोनशे मीटरहून अधिक व्यासाची दुर्बीण लागेल. त्याचे पंख आणि चेहऱ्यावरील भाव ही तर फार पुढची गोष्ट झाली.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण त्यात वाचकांना चकवणारी मूळ युक्ती दडलेली आहे. सूक्ष्मदर्शकात कृत्रिम प्रकाश टाकला जातो तो प्रत्यक्ष वस्तूवर: पंखावर, पाण्याच्या थेंबावर, किड्यावर. वस्तूवरून परतलेला किंवा तिच्यातून आरपार गेलेला हा प्रकाश तिची माहिती घेऊन येतो. दुर्बिणीच्या नाभीस्थानी मात्र वस्तू नसते, तिची प्रतिमा असते. आणि प्रतिमा म्हणजे चंद्राहून आलेल्या प्रकाशाची विशिष्ट मांडणी. तीत दिव्याचा प्रकाश मिसळला, तर चंद्राविषयी काडीचीही नवी माहिती मिळत नाही. उलट सावली आणि उजेड यांतील फरक पुसट होतो. दिवसाउजेडी चित्रपटगृहाची दारे उघडली असता पडद्यावरील चित्र जसे फिकट पडते, तसाच हा प्रकार आहे. वस्तू आणि तिची प्रतिमा यांतील भेद भल्याभल्यांच्या ध्यानात आला नाही.

समकालीन टीकाकारांत एडगर अ‍ॅलन पो यांचे परीक्षण सर्वांत मार्मिक आहे. चंद्राचे २,४०,००० मैल अंतर ४२,००० ने भागले की पावणेसहा मैलांच्या आत-बाहेर उत्तर येते, हा साधा भागाकार त्यांनी मांडला. तेवढ्या अंतरावरून कोणताही प्राणी दिसत नाही, मग फुले आणि पक्ष्यांचे डोळे कसे दिसतील, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय पृथ्वीवरून पाहणाऱ्याला चंद्रावरील प्राणी बाजूने, उभे असे दिसणार नाहीत, हेही त्यांनी दाखवून दिले. चंद्राच्या मध्यभागावरील जीवांच्या बाबतीत त्यांचा माथाच तेवढा समोर येईल. पो यांना या विषयात स्वारस्य असण्याचे आणखी एक कारण होते. फुग्यातून चंद्रावर जाणाऱ्या हान्स फाल या माणसाची त्यांची कथा याच वर्षी जूनमध्ये छापून आली होती आणि आपली कल्पना उचलली गेल्याचा संशय त्यांना काही काळ होता.

विश्वास आणि संशय

२८ ऑगस्ट रोजी ‘द सन’ने आपला खप १९,३६० प्रतींवर गेल्याचे आणि तो जगातील सर्व दैनिकांत अधिक असल्याचे जाहीर केले. हा पत्राचा स्वतःचा दावा आहे. इतर अनेक पत्रांनी मजकूर पुनर्मुद्रित केला, काहींनी तोंडभरून स्तुती केली. मालेची स्वतंत्र पुस्तिका निघाली, पाठोपाठ शिळाछाप चित्रेही विक्रीस आली.

येल महाविद्यालयातील दोन प्राध्यापक मूळ पुरवणी पाहण्यासाठी न्यूयॉर्कला आले आणि त्यांना या छापखान्यातून त्या छापखान्यात पिटाळण्यात आले, अशी आख्यायिका आहे. तिची सत्यता ठामपणे सांगता येत नसली, तरी त्यांच्या येण्याचे सांगितले जाणारे कारण लक्षणीय आहे. सामान्य वाचकांना न समजणारी चाळीस पृष्ठांची गणिती टिपणे आपण गाळली आहेत, असे ‘द सन’ने म्हटले होते. जाणकाराला नेमके तेच पाहायचे होते आणि नेमके तेच अस्तित्वात नव्हते.

बारकाईने वाचणाऱ्याला विसंगती सापडण्याजोग्या होत्या. मालेनुसार हर्शेल ४ सप्टेंबर १८३४ रोजी लंडनहून निघाले. प्रत्यक्षात तोवर त्यांना केपमध्ये येऊन सात महिने झाले होते. प्रतिस्पर्धी ‘हेरल्ड’चे संपादक जेम्स गॉर्डन बेनेट यांनी मालिका संपत असतानाच तिला बनावट ठरवले आणि लेखकाचे नावही जाहीर केले. ‘द सन’ने सप्टेंबरच्या मध्यावर या आरोपांची दखल घेतली, पण सरळ कबुली दिली नाही. खप मात्र घसरला नाही.

लेखक आणि हेतू

मालेचे लेखक रिचर्ड अ‍ॅडम्स लॉक हे होते. १८०० मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेले लॉक त्या वेळी ‘द सन’चे संपादक होते. काहींनी अमेरिकेत राहणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ निकोले यांच्याकडे बोट दाखवले. गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांचाही तसाच समज होता. मात्र लॉक यांनी १८४० मध्ये लेखकत्व उघडपणे स्वीकारले आणि आपला हेतू विडंबनाचा होता, असे स्पष्ट केले.

विडंबनाचा रोख होता स्कॉटिश धर्मोपदेशक व लेखक टॉमस डिक यांच्यासारख्यांवर. डिक यांनी सूर्यमालेची लोकसंख्या २१,८९१ अब्जांहून अधिक असल्याचे गणित केले होते आणि त्यात चंद्राच्या वाट्याला ४.२ अब्ज रहिवासी दिले होते. १८२४ मध्ये जर्मन निरीक्षक ग्रुइटहुइझेन यांनी चंद्रावर नगर सापडल्याचे जाहीर केले होते. अशा लिखाणाच्या पार्श्वभूमीवर लॉक यांचे वटवाघूळ-मानव फारसे वेगळे नव्हते आणि म्हणूनच विडंबन फसले. ज्या वाचकांनी डिक यांची पुस्तके भक्तिभावाने वाचली होती, त्यांनी ही बातमीही तशीच वाचली. लॉक यांनी पुढे दुसऱ्या पत्रात आफ्रिकेचे प्रवासी मंगो पार्क यांच्या हरवलेल्या हस्तलिखिताची बनावट मालिका सुरू केली, परंतु तोवर त्यांचे नाव सर्वांना माहीत झाले होते.

खरा हर्शेल, खरी दुर्बीण

हर्शेल यांना ही बातमी प्रथम मजेशीर वाटली. नंतर मात्र इंग्रजी, फ्रेंच, इटालियन आणि जर्मन भाषांतून येणाऱ्या विचारणांचा त्यांना वैताग आला आणि आत्या कॅरोलिन हर्शेल यांना १८३७ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी तो व्यक्तही केला. त्यांच्या नावाची परवानगी कोणी घेतली नव्हती, आणि ज्या कामासाठी ते मायदेश सोडून गेले होते त्याकडे या गदारोळात फार थोड्यांचे लक्ष गेले.

ते काम असे होते. केप टाउनजवळच्या फेल्डहाउझन या मळ्यावर त्यांनी इंग्लंडहून आणलेली वीस फूट नाभीय अंतराची दुर्बीण उभारली. तिचा धातूचा आरसा सव्वाअठरा इंच व्यासाचा होता, म्हणजे काल्पनिक भिंगाच्या पंधराव्या हिश्श्याहूनही लहान. आरसा हवेने काळवंडे, म्हणून तो पुन्हा पुन्हा घासून चकचकीत करावा लागे. चार वर्षांत या दुर्बिणीने त्यांनी सुमारे १,७०० तेजोमेघ व तारकागुच्छ आणि दोन हजारांहून अधिक जोडतारे नोंदवले. हॅलेच्या धूमकेतूचे वेध घेतले आणि डिसेंबर १८३७ मध्ये ईटा कॅरिनी हा तारा एकाएकी तेजस्वी झाल्याचे टिपले.

सूर्याचाही त्यांनी अभ्यास केला, पण दुर्बीण जाळून नव्हे. स्वतः तयार केलेल्या उष्णतामापकाने त्यांनी केपच्या उन्हाची तीव्रता मोजली. काळ्या पेटीवर काच बसवून तिच्यात उन्हाने अंडी उकडली, मांसही शिजवले आणि जमलेल्या मंडळींनी ते आवडीने खाल्ले. केपमधील वेधांचा त्यांचा ग्रंथ १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिणेचे आकाश आहे. चंद्रावरची माणसे अर्थातच नाहीत. दरम्यान १८३६ मध्ये इटलीत ‘हर्शेल यांचे चंद्रावरील शोध’ दाखवणारी रंगीत शिळाछाप चित्रे निघाली होती.

फेल्डहाउझन येथे ज्या जागी वीस फुटी दुर्बीण उभी होती, तिथे पुढे दगडी स्तंभ उभारण्यात आला. केप टाउनच्या क्लेअरमाँट भागातील एका प्राथमिक शाळेच्या आवारात तो आजही आहे.